बांडा पाऊस

२४ जुलै २००६, सोमवार. अमरावती

रंगांचा विभाग शाहीनला दिला.

तीन वर्षं मी या वऱ्हाडी शब्दकोशाचं काम करते आहे. कॉलेजचे तास संपवून, रविवार मोडून. चंद्रभान सरांनी निवृत्त झाल्यावर हा कोश काढायचं ठरवलं, तेव्हा पहिली शंभर कार्डं मी लिहिली, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून. आणि आज सर चष्मा पुसत म्हणाले, "माधवीबाई, रंगांचे शब्द शाहीनकडे द्या. जनावरांचे रंगसुद्धा."

शाहीन अकोल्याची. सव्वीस वर्षांची, उर्दू शाळेत शिकून मराठीत एम.ए. केलेली. येऊन चार महिने झाले. तिला का, तर तिला रंग घरातून माहीत आहेत. तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "अब्बा रंगरेज होते. त्यांचे हात कोपरापर्यंत कधी एका रंगाचे नसत. लुगड्यावर रंग सारखा नाही चढला तर म्हणत, अबलख झालं, परत बुडवा." सर हसले. होते म्हणजे आता दुकान बंद केलं असेल. बापाचा धंदा असा चारचौघांत सांगायला हिला काहीच वाटत नाही.

मग सरांनी माझं 'बांडा'चं कार्ड वाचून दाखवलं. 'बांडा: वि. दोन रंगांचा (बैल, गाय इ.).' म्हणाले, "एवढं तर छापील कोशातही सापडतं. आपल्याकडे हा शब्द कोण, कधी, कशाला लावतं, ते कुठंय?"

शाहीनने मान खाली घातली. हसत असणार.

६ ऑगस्ट, रविवार

शाहीन घरी आली होती, रंगांची जुनी कार्डं न्यायला. मी चहा टाकायला आत गेले आणि बाहेर व्हरांड्यात बाबा बोलायला लागले.

दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि मी बाबांना अंजनगावजवळच्या आमच्या गावाहून इथं आणलं. इथं ते फार बोलत नाहीत. सुरुवातीला बोलायचे. पण कॉलेजातले लोक येतात-जातात, म्हणून मी हळूच सांगत असे, "बाबा, मले नाही, मला. हाय नाही, आहे." आता ते चुकत नाहीत. मुळात बोलतातच कमी.

आज चहा उकळून उतू गेला तरी ते बोलतच होते.

"बांडा म्हंजे पांढऱ्यावर काया, नाई त कायावर पांढरा, पन डाग मोठा पाह्यजे. हद्द दिसली पाह्यजे, धुऱ्यानं दोन वावरं वेगयी होतात तशी. कबऱ्याले हद्द नसते. कबरा मिसयला राह्यते."

"अन् लांबून कसं ओळखाचं, बाबा?" शाहीनने विचारलं. बाबा म्हणते त्यांना. पहिल्याच दिवशी.

"लांबून बांडा आदी दिसते. कबरा मातीत हारपते. चाळीस वर्सं ढोरं राखली मी, पोरी. गावची सारी ढोरं."

मी कपबशा घेऊन दारात उभी राहिले. झालं, आता ही सरांना सांगणार. सरांना मी पहिल्याच वर्षी सांगितलंय की बाबा शेती करत. आमच्या नावावर वावर कधीच नव्हतं, पण बाबांचं आयुष्य वावरांतच गेलं, तेव्हा ते अगदी खोटं नाही.

जाताना ती हळूच म्हणाली, "ताई, एवढा मोठा माणूस घरात, अन् तुमी सांगतलंही नाई?"

मला म्हणायचं होतं, तुला काय करायचंय. मी म्हटलं, "त्यांना बरं नसतं."

९ ऑगस्ट, बुधवार

आज मीच बाबांसमोर बसले. वही, दोन पेनं, कोरी कार्डं. माझेच वडील आहेत, कुणाची परवानगी लागत नाही.

"बाबा, बांडा म्हणजे काय?"

त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. ताठ बसले. "बैलाला बांडा म्हणतात. त्याला दोन रंग असतात."

"आणि कबरा?"

"ते पण एक रंग आहे. जनावराचे."

"शाहीनला तुम्ही धुऱ्याचं काहीतरी सांगत होतात."

"हो. सांगितले." कपाळावर घाम आला होता. थोड्या वेळाने म्हणाले, "चुकलं का माहं... माझं?"

मी वही मिटली. तिच्यासाठी सगळं भांडार उघडं, आणि मला शाळेतल्या पोरासारखी उत्तरं. मुद्दाम करतात. का करतात ते कळत नाही.

२ सप्टेंबर, शनिवार

शाहीन बाबांना अंजनगावच्या बैलबाजारात घेऊन गेली होती. मला सहामाहीचे पेपर सेट करायचे होते. खरं म्हणजे मला विचारलंच नव्हतं. बाबांनी विचारलं होतं, "जाऊ का?" आणि मी म्हटलं होतं, "तुमची इच्छा."

संध्याकाळी परत आले तेव्हा बाबांच्या धोतरावर शेणाचा डाग होता आणि चेहरा दहा वर्षांनी लहान. एकेचाळीस कार्डं झाली म्हणे. बाजार बैलांनी फुलून गेला होता, घेणारे मात्र थोडे. ऐन हंगामात लोक जोड्या विकायला आणतात, यंदा असंच आहे.

एका कार्डाविषयी शाहीन फार हळू बोलली. एक माणूस बांड्या बैलांची जोडी धरून उभा होता. नाल्याच्या पलीकडे पाऊस झाला, त्याच्या बाजूला थेंब नाही. कपाशी उगवून करपली, चारा नाही. बाबांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला म्हणाले, "यंदा पाऊस बांडाच पडून राह्यला, बाप्पा." तो माणूस "व्हय" म्हणाला आणि तोंड फिरवून रडायला लागला.

"त्याचं नाव घेतलंस?" मी विचारलं. छापील पुरावा नसलेल्या शब्दाला दोन निवेदक लागतात, म्हणजे तो शब्द ज्यांच्या तोंडी आहे अशी दोन माणसं. नाव, वय, गाव, धंदा.

"नाई घेतलं. त्याच्यासमोर वही काढाची हिंमत नाई झाली, ताई."

तिने ते कार्ड मला दाखवलं. 'बांडा पाऊस: एका वावरात पडून शेजारच्या वावरात न पडणारा पाऊस.' तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

हा शब्द आई म्हणायची. मला माहीत होता. तीन वर्षांत एकदाही आठवला नाही, आणि आज दुसरीच्या अक्षरात वाचला. माझ्या आईचा शब्द.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

शाहीनचा फोन, बाबांसाठी. अकरा मिनिटं बोलले. चार वेळा हसले. मी घड्याळ बघत होते असं नाही, ते समोरच असतं.

२४ सप्टेंबर, रविवार

आज अकोल्याला संपादकांची बैठक होती. वाचनालयाची वरची खोली. जे झालं ते जसं झालं तसंच लिहिते.

शाहीनने आपली कार्डं वाचली. 'बांडा पाऊस' आल्यावर सर थांबले. त्यांना ते फार आवडलं, हे मला त्यांच्या बोटांवरून कळलं. आवडलं की ते कार्डाची कड चाचपतात. पण त्यांनी नियमच विचारला. "निवेदक एकच दिसतो. दुसरा?"

शाहीन म्हणाली, "बाजारातला एक माणूस होता, सर. नाव नाही घेतलं."

"का?"

तिने मान खाली घातली. सर माझ्याकडे वळले. "माधवीबाई, तुम्ही त्याच भागातल्या. तुम्ही कधी ऐकलाय?"

मी म्हटलं, "नाही, सर. मी नाही ऐकला."

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण सर अजून कार्डाची कड चाचपत होते. मी पुढे म्हटलं, "हा निवेदक अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. या वयात माणसं गोंधळतात. समोरच्याला काय हवंय ते ओळखून सांगतात."

सरांनी पुन्हा कार्ड बघितलं. 'बुधाजी, ७८, ढोरकी (गावची ढोरं राखणारा).' शाहीनने आडनाव लिहिलं नव्हतं. सर म्हणाले, "मग या माणसाची एकेचाळीसही कार्डं बाजूला ठेवू. आणि शाहीन, निवेदकाचं नाव घ्यायला लाज वाटत असेल तर हे काम आपलं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलणार. तिने कार्डं पिशवीत भरली.

खाली बसस्टँडपर्यंत ती माझ्यासोबत चालत आली. म्हणाली, "ते तुमचे वडील हायेत, हे मी नाई सांगतलं."

"का नाही सांगितलंस?"

"तुमी सांगसान म्हून."

आणि वळून गेली. बसमध्ये मला इतका राग आला होता की दर्यापूर फाटा कधी गेला कळलं नाही. चांगुलपणातसुद्धा हिला माझ्यापुढे राहायचंय.

२ ऑक्टोबर, सोमवार

बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेला पन्नास वर्षं झाली. सगळी वस्ती नागपूरला गेली. बाबांचे गुडघे चालत नाहीत, म्हणून आम्ही इथंच. सकाळी वंदना केली, खीर केली.

खीर खाता खाता बाबांनी विचारलं, "ती कार्डं... घेतली का?"

"कोणती?"

"शाहीन म्हणाली, मागच्या पानावर माणसांची नावं येतात. सांगणाऱ्यांची." वाटी खाली ठेवून म्हणाले, "माझं नाव मतदार यादीत आलं होतं. तेही चुकीचं. बुधा लिहिलं होतं फक्त."

मी म्हटलं, "घेतली, बाबा."

ते पुन्हा खीर खायला लागले. मी माझी वाटी आत नेऊन ठेवली.

७ ऑक्टोबर, शनिवार

शाहीनने काम सोडलं. कार्डं सरांकडे पाठवून दिली, सोबत दोन ओळी. मला आनंद झाला. तो दोन दिवस टिकला, हेही लिहून ठेवते.

बाबा सकाळपासून धुतलेला सदरा घालून व्हरांड्यात बसतात. आज म्हणाले, "तिला बरं नाही का?" मी म्हटलं, रोजे चालू आहेत तिचे. "हो का," म्हणाले. संध्याकाळपर्यंत सदरा बदलला नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

अकोल्याला जाऊन आले. कारण स्वतःला असं सांगितलं होतं की तिच्याकडे कोशाची काही पुस्तकं राहिलीत.

तिचं घर रंगाऱ्यांच्या गल्लीत आहे. पुढच्या खोलीत दोन मोठ्या तांब्याच्या डेगी पालथ्या घातलेल्या. शाहीन शिकवणीला गेली होती. तिची आई फरजाना भेटल्या. स्वतःचा रोजा असून माझ्यासाठी चहा टाकला, नको म्हणत असताना.

मी विचारलं, "शाहीनचे वडील बाहेर गेलेत का?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "दाऊदले जाऊन दोन साल झाले, बाई. तुमाले नाई सांगतलं तिनं?"

सांगितलं होतं. रंगांचा विभाग मिळाला त्याच दिवशी, सगळ्यांसमोर. अब्बा रंगरेज होते. मी ऐकलं नव्हतं.

फरजानाबाई डेगीकडे हात करून म्हणाल्या, "आजारी होते तवा रोज तिले म्हनत, बेटी, माह्या रंगायचे नाव लिहून घे. साऱ्यायचे. कपडा बिघडला त कोन्या बिघाडाले काय म्हनतात, थेही. वीस-पंचवीस शब्द होते त्यायचे, दुसऱ्या कोनाले माहीत नसन. हे पोरगी म्हने, परीक्षा होऊ द्या, अब्बा. पेपर संपाले तीन दिवस राह्यले होते, तवा गेले."

मी चहा संपवला. रोजा असलेल्या बाईने केलेला चहा टाकता येत नाही.

तेवढ्यात शाहीन आली. मला पाहून दारातच थांबली. मी म्हटलं, "बाबा रोज वाट पाहतात." माफी मागायची होती. तोंडून एवढंच आलं.

"मी त्यायच्यासाठी येईन, ताई. कोशासाठी नाई."

"माझ्याशी ते असं बोलत नाहीत," मी म्हटलं. हे मी तिच्यापाशी का बोलले, माहीत नाही. "मी विचारलं की पाठ केल्यासारखं सांगतात."

ती म्हणाली, "भेतात ते तुमाले. मले म्हनले, माधवीसमोर तोंड उघडलं की चुकते. मंग बोलाचं कसं?"

घरी येऊन हे लिहायला बसले. बाबा मला भितात. तीनदा लिहून खोडलं. चौथ्यांदा राहू देते.

१० ऑक्टोबर, मंगळवार

सरांकडे गेले. बसायच्या आधीच सांगून टाकलं, नाहीतर बसल्यावर धीर गेला असता. तो निवेदक माझे वडील आहेत. त्यांचं डोकं माझ्यापेक्षा साफ आहे. 'बांडा पाऊस' मी लहानपणी ऐकलेला आहे. बैठकीत मी खोटं बोलले.

सरांनी विचारलं, "का?"

"रंग मला हवे होते, सर."

"ते समजलं. मी तीन वर्षांचं विचारतोय. ढोरकी शोधायला मी तुम्हाला रिद्धपूरपर्यंत पाठवलं. दोन दिवस हिंडलात. आणि ढोरकी तुमच्या घरात बसून पेपर वाचत होता?"

"त्यांना वाचता येत नाही, सर."

सरांनी चष्मा काढून ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही, ते जास्त वाईट होतं. शाहीनला आपण काय बोललो, ते त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. त्यांनी माझ्यासमोरच तिला फोन लावला, माफी मागितली आणि काम पुन्हा घ्यायला सांगितलं. ती हो म्हणाली. मोठ्या माणसाला लहान मुलीची माफी मागताना मी पाहिलं. माझ्यामुळे मागावी लागली.

मग म्हणाले, "दुसरी निवेदक तुम्ही होऊ शकता. पण संपादकाला स्वतःच्या विभागात साक्ष देता येत नाही. जनावरं, रंग, पाऊस, हे सगळं एकाच खंडात आहे. त्या खंडावर साहाय्यक संपादक म्हणून तुमचं नाव हवं, की मागच्या यादीत निवेदक म्हणून?"

मी म्हटलं, "यादीत."

म्हणजे त्या खंडावर एकट्या शाहीनचं नाव येणार. तीन वर्षं माझी, नाव तिचं. मला ते सहन होत नाही. केलं ते बरोबर केलं असं वाटतं, आणि सहनही होत नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार

आज माझी साक्ष झाली. आमच्याच व्हरांड्यात. शाहीन समोर, कार्ड घेऊन. बाबा बाजेवर.

तिने नियमाप्रमाणे विचारलं. नाव. वय. गाव. वडिलांचा धंदा.

"ढोरकी," मी म्हटलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"हा शब्द पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकला?"

"आईच्या. सुंदराबाई."

"कधी?"

मी आठ वर्षांची असेन. आई नाल्याच्या अलीकडे पाटलाच्या वावरात निंदायला गेली होती. बाबा पलीकडच्या पडीक रानात ढोरं घेऊन होते. मी दोघांच्या भाकरी घेऊन निघाले. आधी बाबांना दिली, मग नाला ओलांडत होते तेवढ्यात अलीकडे पाऊस आला. पलीकडे लख्ख ऊन. मला गंमत वाटली, मी बरोबर पावसाच्या काठावर उभी राहिले. एक हात पावसात, एक उन्हात. आई धावत आली तेव्हा माझं फ्रॉक एका बाजूने भिजून गडद झालं होतं आणि दुसरी बाजू तशीच कोरडी, फिकट. आई डोक्यावरची घोंगडी सोडून पोट धरून हसायला लागली. सगळ्या निंदणाऱ्या बायांना हाक मारून म्हणाली...

इथं मी थांबले. आईचं वाक्य मला माझ्या मराठीत सांगता येईना. मग जसं होतं तसंच म्हटलं.

"पहा वं, पाऊसही बांडा पडला, अन् माही पोरगीही बांडी झाली!"

शाहीन लिहीत होती. बाबा बाजेवर उठून बसले.

"हे मले सुंदरीनं कदी नाई सांगतलं," ते म्हणाले. "कोनतं फ्राक व्हतं?"

"हिरवं. बाह्यांना झालर होती."

"थे मीच आनलं व्हतं. बजारातून. लहान पडन म्हून एक मोठं घेतलं, त तुही माय भांडली माह्यासंगं, पोरगी बुजगावन्यावानी दिसते म्हने." आणि ते बोलत सुटले. फ्रॉकाचं, आईचं, नाल्यावरच्या आंब्याचं. सदऱ्याचं बटण उघडंच होतं. मी मधे एकदाही बोलले नाही. वही घेतली नव्हती. सगळं माझ्याकडे बघून सांगत होते, शाहीनकडे नाही.

तीन महिने मला हेच हवं होतं. म्हणून मी जिंकल्यासारखं तिच्याकडे पाहिलं. ती लिहायची थांबली होती. पेन हातात तसंच होतं आणि ती आळीपाळीने आमच्या दोघांकडे बघत होती, माझ्याकडे आणि माझ्या बापाकडे. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते ओळखायला मला क्षणही लागला नाही. इतके दिवस आरशात तेच पाहत होते.

तिने घाईने कार्डं गोळा केली. "निघते, ताई. पाचची बस हाय."

"जेवून जा," मी म्हटलं.

"उशीर होईन."

"सातची बस आहे," मी म्हटलं. "अब्बांचे जेवढे शब्द आठवतात तेवढे सांग. अर्धे आठवत असतील तर अर्धे. मी लिहून घेते. अक्षर तुझ्याइतकं चांगलं नाही माझं."

ती दारात उभी राहिली. बाबा बाजेवर सरकले, तिला जागा केली.

"बस ना वं, पोरी," ते म्हणाले. "काय म्हनत तुहे अब्बा?"

ती बसली. पहिल्या पाच मिनिटांत एक शब्द आठवला. जेवायच्या वेळेपर्यंत सहा झाले.